डिसिजन ट्रीचा झोका सापडला

घरची लाइन भरली तरी ताईचा कॉल अडकू नये म्हणून मी राउटरवर एक डिसिजन ट्री बसवतोय: हो-नाहीच्या प्रश्नांवरून कुठली वाहतूक कॉलची आणि कुठली बॅकअपची ते ओळखणारं छोटं मॉडेल. तीन आठवडे गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काहीच नव्हतं. शुक्रवारी रात्री साडेअकराला एकदम झालं. मागच्या वेळचं रडगाणं थोडक्यात: लॅपटॉपवर ९७ टक्के अचूक निघणारं मॉडेल रास्पबेरी पायवर (हा चिमुकला संगणकच आमचा राउटर) चढवलं की दहा मिनिटांत घर डोक्यावर. ताई मीटवर स्क्रीन शेअर करतेय आणि स्लाइड अर्धी येऊन अडकलीय. आतून आई, "तुझं ते परत चालू केलंस का रे?"

सेटअप तोच आहे. ४० एमबीपीएसची लाइन, केक (पॅकेटांच्या रांगा लावून वेग आवरणारा शेपर) ३६ वर बांधलेला, डिफसर्व्ह४ म्हणजे त्याच्या चार रांगा किंवा 'टिन' (बल्क म्हणजे बिनघाईची अवजड वाहतूक, बेस्ट एफर्ट म्हणजे साधी, मग व्हिडिओ आणि व्हॉइस), रास्पबेरी पाय ४ वर राउटरची ओपनडब्ल्यूआरटी प्रणाली. दर पाच सेकंदांनी प्रत्येक फ्लोची (म्हणजे एका कनेक्शनच्या पॅकेटांची) फीचर्स, म्हणजे वेग, पॅकेटचा आकार असली मापं काढायची, ट्रीला विचारायचं, उत्तर कॉनट्रॅक मार्कमध्ये, म्हणजे राउटरच्या कनेक्शन-वहीत त्या फ्लोपुढे टाकायचं. तो मार्क वाचून पॅकेटं योग्य टिनकडे पाठवायचं पुढचं काम सीटीइन्फोचं.

आधी तो ९७ टक्क्यांचा फुगा फोडून टाकतो. एकाच फ्लोचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे ट्रेनिंगमध्येही होते आणि टेस्टमध्येही. मॉडेल ओळखायला शिकलंच नव्हतं, पाठांतर करून आलं होतं. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीचं ग्रुपकेफोल्ड लावलं (एका ग्रुपचे सगळे तुकडे एकाच बाजूला ठेवतं), ग्रुप म्हणजे फ्लो, आणि आकडा धाडकन ८१ वर आला. वाईट वाटलं, पण तरीही गणित जुळेना. ८१ टक्केवाला असं ताल धरून चुकत नाही ना! आमचं मॉडेल ठेक्यात चुकत होतं.

तो ठेका दिसायलाच दोन आठवडे गेले. (त्यातली एक अख्खी संध्याकाळ सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंगची (पॅकेटं आडवाटेने पुढे काढणाऱ्या सोयीची) टिक काढायची राहिली होती म्हणून वाया गेली. हसू नका. दुसरी संध्याकाळ पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या यूएसबी-लॅन अडॅप्टरने खाल्ली. डब्यावर गिगाबिट, लिंक मात्र १०० वर. असला अडॅप्टर दुकानातच लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.) शेवटी टीसीचे (लिनक्समध्ये रांगांचा हिशोब दाखवणारी कमांड) आकडे दर सेकंदाला फाइलमध्ये टाकले आणि प्रत्येक टिनमधून किती बाइट गेले त्याचा ग्राफ काढला. बल्क वर, व्हिडिओ खाली. मग व्हिडिओ वर, बल्क खाली. अगदी जत्रेतल्या पाळण्यासारखं.

घडत होतं ते असं. माझ्या फोनचा फोटो बॅकअप सुरू होतो, लाइन भरून टाकतो. ट्री म्हणतं बल्क. बरोबर. मार्क पडतो. तेवढ्यात ताईचा फोनही बॅकअपला बसतो, तो नवा म्हणून अजून बेस्ट एफर्टमध्ये. गर्दी झाली की बल्क टिनच्या वाट्याला सोळावा हिस्सा, म्हणजे ३६ पैकी २.२५ एमबीपीएस. आता क्विकवरून (यूडीपीवर चालणारा गूगलचा वेब प्रोटोकॉल) जाणारा हा बॅकअप ट्रीच्या डोळ्यांनी बघा: यूडीपी, साधारण १,२५० बाइटचं पॅकेट, सेकंदाला २२५, म्हणजे जवळजवळ ४.४ मिलिसेकंदांना एक, एका चालीत. हुबेहूब व्हिडिओ कॉल! ट्री त्याला उचलून व्हिडिओ टिनमध्ये बसवतं. तिथे मोकळी जागा मिळाली की तो परत फुगतो, परत बल्क ठरतो, परत खाली. मॉडेल स्वतःच्याच निकालाचे परिणाम मोजत होतं आणि त्यावरून पुढचा निकाल देत होतं. वर, चालू फ्लोचा टिन बदलला की मागची पॅकेटं जुन्या रांगेत अडकतात आणि पुढची नव्या रांगेतून आधी निसटतात. क्रम बिघडला की पलीकडच्याला वाटतं पॅकेट हरवलं.

मला वाटलं, सोपं आहे, मोजणी शेपरच्या आधी करू. पॅकेटं टिपायची जागा वॅनवरून (इंटरनेटची बाजू) बीआर-लॅनवर (घरातली बाजू) आणली. एक संध्याकाळ शांततेत गेली आणि मी ताईला आइसक्रीमसुद्धा चारलं. दुसऱ्या दिवशी झोका हजर. कारण केकने पॅकेटं टाकून दिली की फोन स्वतःच वेग उतरवतो, मग लॅनच्या बाजूलाही तोच २.२५ दिसणार. मोजायची जागा बदलून काही होत नाही, मोजायची गोष्टच चुकीची होती. मग सलग तीन मतं एकसारखी आल्याशिवाय मार्क बदलायचा नाही असं केलं, तर झोका तेवढा संथ झाला. आधी दहा सेकंदांचा होता, मग तीसचा.

शुक्रवारी सुटलं ते मॉडेल कापून. चारपैकी दोन वर्ग ट्रीकडून काढून घेतले. कॉल ओळखायला झाडबीड लागतच नाही: मीटसारखे वेबआरटीसी (ब्राउझरमधले) कॉल सुरुवातीला त्याच फ्लोवर स्टनची, म्हणजे पलीकडे वाट शोधणारी पॅकेटं पाठवतात आणि त्यांत एक ठरलेला आकडा असतो, हेक्समध्ये २११२ए४४२. तो दिसला की व्हिडिओ टिन, आणि कॉल संपेपर्यंत हात लावायचा नाही. ट्रीला आता एकच प्रश्न: हा बल्क आहे का? एकदा हो म्हटलं की तो फ्लो मरेपर्यंत खालीच. काल रात्री दोन्ही फोनचे बॅकअप आणि ताईचं स्क्रीन शेअर एकदम लावलं. झोका बंद, ग्राफवर दोन सरळ रेघा. त्यांचा स्क्रीनशॉट मी वॉलपेपर केलाय.

लेबलांचं थोडक्यात: एनडीपीआय या वाहतूक ओळखणाऱ्या लायब्ररीची लेबलं शिकवणीला वापरणं सोडलं, त्याला जे येतं तेच शिकवून काय उपयोग? आता फोनवर पीसीएपीड्रॉइड, कुठलं अ‍ॅप काय पाठवतंय ते टिपणारं अ‍ॅप. रूटशिवाय तो व्हीपीएनसारखा मध्ये बसतो, त्यामुळे त्यातले पॅकेटचे आकार आणि सोर्स पोर्ट खरे धरू नका. फक्त कुठलं अ‍ॅप कुठे बोलतंय एवढं घ्यायचं आणि डेस्टिनेशन, पोर्ट, वेळ यांवरून पायच्या कॅप्चरशी जोडायचं. कंटाळवाणं काम आहे, पण औजार झकास.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: वेग टाकूनच देऊ की! बॅकअपमध्ये वर जाणारे बाइट ढीगभर आणि खाली येणाऱ्या नुसत्या पोचपावत्या. वेग कितीही पडला तरी हे प्रमाण फारसं हलत नाही. एकतर्फी स्क्रीन शेअरही असंच दिसेल, पण त्याला स्टनने आधीच उचललेलं असणार.

...उठून जुन्या कॅप्चरवर चालवून आलो. वेगाची तिन्ही फीचर्स काढली, प्रमाण आणि पॅकेटच्या आकाराची मीडियन (मधली किंमत) ठेवली, झाडाची खोली ६ वरून ३. चुका कमीच झाल्या! आता अख्खं ट्री चार-पाच साध्या नियमांत मावेल असं दिसतंय. त्यामुळे वर लिहायचा राहिलेला न्यूरल नेटचा बेत रद्द.

एक खडा मात्र दाताखाली आहे. ड्राइव्हवर मोठी फाइल चढत असताना त्याच ब्राउझरमध्ये डॉक उघडलं तर कधी कधी दोन्ही एकाच क्विक कनेक्शनवरून जातात. फ्लो एक, मार्क एक, आणि ताईचं टायपिंग बॅकअपच्या रांगेत. फ्लो तीस सेकंद शांत राहिला तर बल्कचं कुलूप काढावं असं वाटतंय, पण मी परत झोकाच बांधतोय की काय ही धास्ती आहे. रविवारी आईचा कॅनडाचा कॉल असतो. तो होईपर्यंत पाय नुसता बघ्याच्या भूमिकेत, मार्क बंद.