आईच्या पायाचा अंगठा

आईच्या कंबरेवरील शस्त्रक्रियेला आज सहा दिवस झाले. उद्या सकाळी घरी सोडू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. या दिवसांत आलेल्या प्रत्येक फोनला मी "बरी आहे, काळजी नसावी" एवढेच उत्तर देऊ शकले, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

गेली दोन वर्षे आई पन्नास-साठ पावले चालली की थांबत असे. मंडईत गेल्यावर ती भाजीच्या प्रत्येक हातगाडीला दोन्ही हातांनी रेलून उभी राही आणि आम्हाला वाटे, ही भावावरून घासाघीस करते आहे. पुढे एमआरआय झाला तेव्हा कळले की कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता, तेथील नलिका अरुंद झाली होती आणि पायांकडे जाणाऱ्या नसा तिच्यात चेपल्या जात होत्या. पुढे वाकले की ही नलिका किंचित रुंदावते आणि पायांतील कळ थांबते, म्हणून ती रेलत होती. दोन वर्षे हे आमच्या डोळ्यांसमोर घडत होते, आणि आम्ही तिला "वयच झालं आता" म्हणत होतो, याची टोचणी अजून आहे.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. नसांवरचा दाब काढून ते दोन मणके चार स्क्रू आणि दोन सळ्यांनी एकमेकांना जखडले आहेत. "मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो," हे वाक्य आम्हाला निदान दहा जणांनी ऐकवले होते. त्यावर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले की मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपासच संपतो आणि त्याखाली केवळ नसांचा जुडगा असतो. धोका नाही असे ते म्हणाले नाहीत. मला तेच अधिक विश्वासाचे वाटले.

आई शुद्धीवर आली तेव्हा तिला कोणीही "दुखतंय का?" असे विचारले नाही. सिस्टरांनी पांघरूण पायांवरून बाजूला केले आणि म्हणाल्या, "आजी, अंगठा वर घ्या. आता मी दाबते, तुम्ही सोडू नका." डाव्या पायाचा अंगठा शस्त्रक्रियेपूर्वीच दुबळा झाला होता, तो उचलणारी नस नेमकी त्याच जागी चेपलेली होती. त्या रात्री दर काही तासांनी दिवा लागे, पांघरूण सरके आणि अंगठ्याची परीक्षा होई. जन्मभर शाळेत शिकवलेल्या आईला ही पद्धत चांगलीच मानवली. तिसऱ्या दिवशी सिस्टरांच्या बोटाखाली अंगठा पहिल्यांदा टिकला, तेव्हा ती म्हणाली, "काठावर पास." पावलाच्या वरची बधिरता मात्र अजून आहे. ती ओसरायला महिने लागतील आणि कदाचित पूर्ण जाणारही नाही, हे आम्हाला आधीच सांगितले होते.

वेदनेपेक्षा तिला जड गेले ते दुसऱ्याच्या हाती असणे. पहिले दोन दिवस कुशीवर वळायचे तर खांदे आणि कंबर एकाच वेळी वळली पाहिजेत, मध्ये पीळ पडता कामा नये. म्हणून दोघी सिस्टर खाली अंथरलेली चादर धरून तिला लाकडाच्या ओंडक्यासारखी एकसंध वळवत. त्या वेळी ती डोळे गच्च मिटून घेत असे, आणि ते दुखण्यामुळे नव्हे, हे मला कळत होते. लघवीची नळी काढल्यानंतरच्या रात्री घंटेचे बटण उशीखाली सरकले आणि मला, बाजूच्या बाकावर झोपलेल्या मुलीला, उठवायचे नाही म्हणून ती पहाटेपर्यंत तशीच पडून राहिली. सकाळी पोट तट्ट फुगलेले पाहून सिस्टर तिला नव्हे, मला रागावल्या, आणि ते योग्यच होते. त्या दिवसापासून घंटेची दोरी मी तिच्या गाऊनला सेफ्टी पिनने अडकवून ठेवते.

पोट साफ होणे हा येथे किती गंभीर विषय आहे, हे घरी बसून कळत नाही. दुखणे थांबवणाऱ्या औषधांनी आतडी मंदावतात आणि जोर करायला मनाई असते. त्यामुळे बाबा डब्यातून आणत असलेल्या मऊ भात-मेतकुटापेक्षा रात्रीच्या सारक औषधाची चौकशी अधिक होत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिजिओथेरपिस्ट आल्या. कुशीवर वळायचे, पाय पलंगाखाली सोडतानाच हाताने रेटा देऊन उठायचे, कंबरेचा पट्टा आवळायचा, थोडा वेळ बसून चक्कर येत नाही ना हे पाहायचे आणि मगच उभे राहायचे, असा क्रम त्यांनी घालून दिला. त्या दिवशी चारच पावले झाली. तिसऱ्या दिवशी ती दारापर्यंत गेली. वॉकर हाती येताच आईची जुनी सवय उसळून येई आणि ती त्यावर हातगाडीसारखी रेलू लागे; मग, "आजी, समोर बघा, वॉकरवर भार नको," असे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागे.

काल संध्याकाळी ती बाबांबरोबर व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. मी मागून चालत होते. टाक्यांची जागा ओढत असल्याने चाल संथ होती, पण पाठ सरळ होती; आईची उंची माझ्या कानापर्यंत येते, हे मी विसरूनच गेले होते. अर्ध्या वाटेत बाकडे आले तसे बाबा दोन वर्षांच्या सवयीने थांबले आणि तिच्यासाठी जागा करत म्हणाले, "बस जरा."

"पाय नाही भरून आले," आई म्हणाली. "तुम्ही बसा, मी येते जाऊन."

बाबा बसले नाहीत, पण तिच्या मागेही गेले नाहीत. हातातली पाण्याची बाटली धरून ते तेथेच उभे राहिले आणि ती खिडकीपाशी पोहोचून वळेपर्यंत तिच्याकडे पाहत होते.