टेक्सास लेजेंड्स आणि आमची गंजकी रिंग

मालवणातल्या आमच्या शाळेची बास्केटबॉलची रिंग खाऱ्या वाऱ्याने सतत गंजत असे, आणि बाजारातली जाळी तिथे टिकत नसल्यामुळे आम्ही रापणीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा तिला बांधत असू. त्या रिंगखाली हात बसलेला मुलगा बारावी झाली की मुंबई गाठायचा आणि पुढे गणपतीलाच दिसायचा. टेक्सास लेजेंड्स या अमेरिकी संघाचा इतिहास मला आपलासा वाटतो तो यामुळेच.

हा संघ मूळचा टेक्सासचा नव्हे. २००६ मध्ये डेन्व्हरजवळच्या ब्रूमफील्ड गावी तो ‘कोलोरॅडो फोर्टीनर्स’ या नावाने उभा राहिला. कोलोरॅडोतल्या चौदा हजार फुटांहून उंच शिखरांना तिकडे फोर्टीनर म्हणतात. एनबीए ही अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक बास्केटबॉल लीग; तिच्या खालच्या फळीतील लीगचे, म्हणजे तेव्हाच्या डी लीगचे, विजेतेपद त्याने २००९ मध्ये मिळवले आणि त्यानंतर लगेच गाव सोडले. जिंकलेल्या संघाने गाशा गुंडाळावा, हे मला अजून पटत नाही. एक हंगाम रिकामा गेला आणि २०१० मध्ये डॅलसजवळच्या फ्रिस्कोत, एनबीएतल्या डॅलस मॅव्हरिक्सचा संलग्न संघ म्हणून, तो नव्या नावाने उतरला.

त्या पहिल्या हंगामाची प्रशिक्षक होती नॅन्सी लीबरमन. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात ती होती. एनबीएशी संलग्न असलेल्या पुरुषांच्या संघाची मुख्य प्रशिक्षक होणारी ती पहिली स्त्री. पन्नासपैकी चोवीस सामने जिंकून तिने संघाला बाद फेरीपर्यंत नेले.

या लीगमध्ये चांगला खेळणारा खेळाडू हाती राहीलच याची खात्री नसते. एनबीएचा कोणताही संघ त्याला दहा दिवसांच्या करारावर उचलू शकतो, मग तो संघ संलग्न असो वा नसो. प्रशिक्षकाने घडवायचे आणि ऐन हंगामात निरोप द्यायचा, असा हा व्यवहार आहे. २०१७ मध्ये प्रायोजकामुळे लीगचे नाव जी लीग झाले, पण रीत बदलली नाही.

पंजाबच्या बल्लोके गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा सतनाम सिंग याच संघात दोन हंगाम होता. २०१५ च्या जूनमध्ये मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत, निवड झालेला तो पहिला भारतीय खेळाडू. लेजेंड्सकडून त्याला मैदानावर फार थोडा वेळ मिळाला आणि एनबीएचा सामना तर त्याच्या वाट्याला आलाच नाही. निवडीची बातमी आली त्या सकाळी आमच्या कोर्टावर घोटाभर पाणी होते, तरी आम्ही चौघे छत्र्या घेऊन रिंगखाली जमलो होतो.