कर्मचाऱ्यांचे संगणक मागणीवर नको, वयावर घ्या

कॉलेजात संगणक खरेदीची पद्धत कुणी ठरवत नाही, ती पडत जाते. ज्याचं मशीन बंद पडलं त्याने अर्ज करायचा, विभागप्रमुखांनी शिफारस लिहायची आणि आर्थिक वर्ष संपत आलं की उरलेल्या पैशांत बसेल ते घ्यायचं. अशी काही वर्षं गेली की दोनशे मशीनमध्ये तीस-चाळीस मॉडेलं जमतात, चार्जर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जो सारखा पाठपुरावा करतो त्याच्या टेबलावर नवं मशीन येतं. जो मुकाट्याने काम करतो त्याच्याकडे आठ वर्षांपूर्वीचंच राहतं. हा अन्याय कुणी मुद्दाम करत नाही, पण पद्धतच तसा निकाल देते.

त्याऐवजी खरेदी मशीनच्या वयावर करावी. लॅपटॉपला पाच वर्षं धरली आणि एकूण 200 मशीन असतील, तर दर वर्षी 40 बदलायची, वर चार-पाच राखीव. मॉनिटर सात-आठ वर्षं सहज चालतो, त्याला या चक्रात ओढू नये. यातला मोठा फायदा असा की दर वर्षीचा आकडा आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तो अंदाजपत्रकात मुकाट बसतो. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून साधारण 2018 आधीची बहुतेक मशीन त्या अटींत बसली नाहीत. जिथे पाच वर्षांचं चक्र पाळलं गेलं, तिथे तोवर तितकी जुनी मशीन उरलेलीच नव्हती. बाकीच्यांना एकाच वर्षात शंभर-शंभर मशीनचा खर्च मागावा लागतो.

मॉडेलं तीनच ठेवावीत: शिकवणाऱ्यांसाठी 14 इंची लॅपटॉप, कार्यालयासाठी डेस्कटॉप आणि डिझाइन किंवा व्हिडिओसाठी एक जास्त ताकदीचं मशीन. अपवाद हवा असेल तर लेखी कारण. एक अपवाद मात्र खरा असतो, तो प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेल्या संगणकाचा. त्यात जुनं पीसीआय कार्ड किंवा सिरियल पोर्ट असतो आणि उपकरणाचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. असं मशीन वय झालं म्हणून उचलू नये. त्याचं नेटवर्क काढावं, डिस्कची पूर्ण प्रत बाजूला ठेवावी आणि यादीत त्यावर ठळक खूण करावी.

आता तपशीलपत्रक, म्हणजे नेमकं काय हवं ते पुरवठादाराला लिहून द्यायचा कागद. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि नंतर त्या पुरवठादाराच्या माथी मारता येत नाहीत. ‘16 जीबी रॅम’ एवढंच लिहिलं तर बोर्डावर सोल्डर केलेली रॅम येऊ शकते आणि ती पुढे वाढवता येत नाही. वाढवायची असेल तर ‘एक स्लॉट रिकामा’ असं लिहावं लागतं. ‘विंडोज 11’ लिहिलं की होम आवृत्ती येऊ शकते. ती डोमेनला (संस्थेच्या मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेला) जोडता येत नाही, म्हणून ‘प्रो’ हा शब्द हवाच. ‘यूएसबी-सी पोर्ट’ हे तर सगळ्यात फसवं. आकार तोच असला तरी काही पोर्टमधून फक्त डेटा जातो. ‘चार्जिंग आणि डिस्प्ले दोन्ही देणारा’ असं लिहिलं नाही, तर लॅपटॉप डॉकला (एका केबलने मॉनिटर, कीबोर्ड, माऊस जोडणाऱ्या डबीला) जोडल्यावर कीबोर्ड-माऊस चालतात आणि मॉनिटर काळाच राहतो. मॅकबुक घेणाऱ्या विभागांनी एवढं पाहावं: साध्या एम1 आणि एम2 चिपच्या मॅकबुक एअरला एकच बाहेरचा मॉनिटर थेट जोडता येतो.

पातळ लॅपटॉपना लॅन केबलचा पोर्ट नसतो, म्हणून अ‍ॅडाप्टर द्यावा लागतो. इथे एक गाठ आहे. नेटवर्कवर प्रवेश मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कला जोडणाऱ्या भागाचा ठरलेला क्रमांक) पाहून दिला जात असेल, तर सहसा नोंद लॅपटॉपची नव्हे, त्या अ‍ॅडाप्टरची होते. दोघांनी अ‍ॅडाप्टर अदलाबदल केले की यादी खोटी पडते. डॉक, अ‍ॅडाप्टर, बॅग, वाढीव वॉरंटी हे सगळं एकाच कोटेशनमध्ये मागवावं; तुलनात्मक तक्ता तरच खरा निघतो. वॉरंटी जागेवर येऊन की सेवा केंद्रावर नेऊन, हेही विचारावं. तीन वर्षांच्या वॉरंटीत बॅटरी बऱ्याचदा एकच वर्ष धरलेली असते. ऑर्डर देण्यापूर्वी एक नमुना मागवून आठवडाभर वर्गातल्या प्रोजेक्टरवर, डॉकवर आणि वायफायवर चालवावा.

माल आला की बिलावर सही करण्याची घाई नको. खोका उघडायचा, खोक्यावरचा, मशीनच्या तळाचा आणि बायोसमधला (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधला) असे तिन्ही सिरियल नंबर जुळतात का पाहायचं. रॅम आणि एसएसडी (डिस्क) प्रत्यक्ष किती दिसते ते तपासायचं, चार्जर मोजायचे. मग तोच नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघायचं. पुष्कळदा ती माल निघाल्याच्या तारखेपासून धरलेली असते. बिल दाखवून दुरुस्त करून घेता येते, पण लगेच केलं तर. वर्षअखेरीला घेतलेले खोके स्टोअरमध्ये तसेच पडून राहिले तर तेवढे महिने वॉरंटी फुकट जाते.

डेडस्टॉक क्रमांकाचं (मालमत्तेच्या नोंदवहीतल्या क्रमांकाचं) लेबल तळाच्या झाकणावर लावू नये. दुरुस्तीत झाकण बदललं की लेबल त्याच्याबरोबर जातं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर ती उघडणारी रिकव्हरी की मध्यवर्ती ठिकाणी जतन झाली आहे याची खात्री मशीन हाती देण्याआधी करावी. मदरबोर्ड बदलल्यावर मशीन पहिल्यांदा तीच की मागतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचा डेटा गेला.

नवं दिलं की दहा दिवसांत जुनं परत, हा नियम सैल सोडला की जुनं मशीन सहायकाकडे सरकतं, तिथलं त्याहून जुनं कपाटात जातं आणि 200 चे 260 कधी होतात कळत नाही. वाढलेल्या त्या 60 मशीनना अपडेट, अँटीव्हायरस, दुरुस्ती सगळं लागतं. परत आलेल्या मशीनची एसएसडी नुसती फॉरमॅट करून भागत नाही. बायोसमधून किंवा उत्पादकाच्या साधनाने सिक्युअर इरेज (डेटा परत काढता येणार नाही असं पुसणं) करावं, सिरियल नंबरसह नोंद ठेवावी, मग निर्लेखनाला (नोंदवहीतून कमी करायला) पाठवावं. फुगलेल्या बॅटरीचं मशीन वेगळं काढावं. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये.

राखीव मशीनचं काम छोटं आहे, पण तेच राहून जातं. बॅटरी साधारण निम्मी चार्ज ठेवून ती महिन्यातून एकदा सुरू करावीत आणि सगळे अपडेट घ्यावेत. सहा महिने बंद असलेलं राखीव मशीन परीक्षेच्या सकाळी बाहेर काढलं तर पहिला तास-दीड तास अपडेटमध्येच जातो, आणि ज्याच्यासाठी ते काढलं तो प्राध्यापक वर्गाच्या दारात उभा असतो.