५.५६ की ३०० ब्लॅकआउट: घरातल्या रायफलीच्या काडतुसाची नोंद, टप्पा तिसरा

घराच्या संरक्षणासाठी ५.५६ आणि ३०० ब्लॅकआउट या दोन रायफलीच्या काडतुसांपैकी कोणतं घ्यावं, याची ही तुलना. हा टप्पा भिंतींचा, म्हणजे गोळी घराच्या भिंतींतून किती आरपार जाते याचा. चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं), मॅगझिन (काडतुसांची डबी) आणि झिरो (ठरावीक अंतरावर साइट आणि गोळी जुळवणं) आधीच उरकले होते, पण भिंतींसमोर गोळ्या झाडल्यावर त्या गोष्टी पुन्हा तपासाव्या लागल्या, म्हणून त्यांचा हिशेबही इथेच मांडला आहे.

आधी कायद्याचं, कारण अमेरिकेतल्या मराठी घरांत इथेच चूक होते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला दाखवूनच वापरावेत. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. नवरा-बायकोपैकी एक नागरिक आणि दुसरा व्हिसावर असेल, तर तिजोरीची किल्ली आणि नंबर नागरिकाकडेच राहायला हवेत. भारतातल्या साध्या परवान्यात अशी अर्धस्वयंचलित रायफल बसत नाही, त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेपुरतंच.

मांडणी अशी: एआर-१५ रायफलीची लोअर (चाप आणि मुठीचा खालचा भाग) एकच, अपर (नळी आणि बोल्टचा वरचा भाग) दोन. पहिली ५.५६ ची, १६ इंची नळी, १:७ पीळ (नळीतल्या खाचा ७ इंचांत एक फेरा घेतात), कार्बाइन-लेंथ गॅस (बोल्ट मागे ढकलणाऱ्या गॅसच्या नळीची लांबी). दुसरी ३०० ब्लॅकआउटची, तीही १६ इंची, १:८ पीळ, पिस्टल-लेंथ गॅस. बोल्ट, बफर, मॅगझिन सारखंच. ३०० ब्लॅकआउटची खरी करामत हीच आहे. ५.५६ चं केस (काडतुसाचं पितळी कवच) कापून ३४.७ मिमी केलं, तोंड मोठं केलं आणि त्यात ०.३०८ इंची गोळी बसवली; नळी बदलली की काम झालं. अॅडव्हान्स्ड आर्मामेंट कॉर्पोरेशनने हे काडतूस उभं केलं आणि २०११ मध्ये त्याला सामी या अमेरिकी काडतूस-मानकांच्या संस्थेची मान्यता मिळाली. दोन्ही काडतुसांची कमाल लांबी २.२६ इंच.

आकडे बघू. ५.५६ मध्ये ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी लांब नळीतून सेकंदाला ३,२०० फुटांच्या वर जाते. ऊर्जा साधारण १,२५० ते १,३०० फूट-पौंड. ३०० मध्ये ११० ग्रेनची गोळी १६ इंची नळीतून २,३५० फुटांच्या आसपास, ऊर्जा १,३५० च्या घरात. कागदावर दोघं बरोबरीत. फरक नळी आखूड केली की पडतो. ५.५६ ची दारू सावकाश जळणारी, लांब नळीसाठी बेतलेली. २० इंची नळीवरून साडेदहा इंचीवर आलं की सेकंदाला पाचेकशे फूट वेग जातो आणि उरलेली दारू नळीच्या तोंडाशी भडकते. बंद खोलीत तो भडका आणि आवाज भयंकर. ३०० ची दारू पिस्तुलाच्या दारूसारखी चटकन जळते, ९ इंचांत तिचं बहुतेक काम झालेलं असतं.

५.५६ साठी हा वेग फार महत्त्वाचा आहे. एम-१९३ या लष्करी जातीची ५५ ग्रेन गोळी शरीरात आडवी होऊन फुटते, पण त्यासाठी आदळताना तिचा वेग सुमारे २,६०० ते २,७०० फूट असावा लागतो. १६ इंची नळीतून घराच्या अंतरावर तो सहज मिळतो, साडेदहा इंचीतून मात्र काठावर. तिथे साधी एफएमजे (पूर्ण धातूच्या कवचाची) सोडून उमलणारी, म्हणजे शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळीच घ्यावी.

आता भिंती. अमेरिकी घराची आतली भिंत म्हणजे ‘टू बाय फोर’च्या लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड, म्हणजेच ड्रायवॉल. नाव ‘टू बाय फोर’, पण लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच, त्यामुळे दोन बोर्डांमधली पोकळी साडेतीन इंच ठेवायची. एका भिंतीला २ बाय २ फुटांचे दोन तुकडे, अशा चार भिंती, म्हणजे ८ तुकडे. ४ बाय ८ फुटांच्या एका बोर्डातून बरोबर ८ निघतात. भिंतींमध्ये १० फूट अंतर, शेवटी मातीचा बांध. रेंजवर कागदाखेरीज दुसरं लक्ष्य उभं करायला बहुतेक ठिकाणी आधी परवानगी लागते. जिप्समचा कचरा उचलायला ताडपत्री न्यावी, नाहीतर पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही.

चुका कुठे होतात? एकाच बोर्डावर गोळ्या जवळजवळ लागल्या तर दुसरी गोळी आधीच्या तड्यातून जाते आणि नोंद खोटी ठरते. दोन भोकांमध्ये किमान ६ इंच ठेवावेत. बोर्ड रात्रभर गाडीत किंवा ओल्या जमिनीवर राहिला तर कागद फुगतो आणि जिप्सम मऊ पडतं. प्रत्येक भोकाभोवती लगेच पेन्सिलीने गोल काढून क्रमांक घालावा. चौथ्या भिंतीपाशी पोचेपर्यंत कुठलं भोक कुणाचं ते लक्षात राहत नाही.

जे दिसलं ते असं. ५५ ग्रेन गोळीचं पहिल्या भिंतीवरचं भोक पेन्सिलीच्या जाडीचं, गोल, कडेला कागद किंचित आत दुमडलेला. दुसऱ्या भिंतीवर तेच भोक लांबट, जुन्या कुलपाच्या चावीच्या भोकासारखं: गोळी आडवी झाली. तिसऱ्या भिंतीच्या मागच्या बाजूला कागद फाटून वाटीएवढा खड्डा, खाली पांढरी पूड. तरीही गोळी चौथी भिंत ओलांडून गेली. ११० ग्रेनचीही चारही भिंती पार. उमलणाऱ्या गोळीच्या टोकात जिप्सम भरलं की पुढे ती उमलेलच याचा भरवसा नाही. २२० ग्रेनची सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू जाणारी), १४ ग्रॅमची जड गोळी, सेकंदाला १,०२० फुटांनी जाते आणि भिंत तिचा वेग फारसा खात नाही. हळू जाणारी गोळी भिंतीला सौम्य, हा समज इथे मोडतो. पडद्यामागे कोण आहे याची ड्रायवॉलला फिकीर नसते. ती आड देते, अडसर होत नाही.

म्हणून शरीरात पुरेशी खोल जाईल आणि ड्रायवॉलमध्ये थांबेल अशी गोळी शोधण्यात वेळ घालवू नये. दोन्ही काडतुसांत ती नाही. घराचा नकाशा कागदावर काढा, मुलांच्या आणि आईवडिलांच्या खोल्या रंगवा, आणि कुठल्या जागेवरून कुठल्या दिशेला चाप ओढायचा नाही ते ठरवा. काडतुसाच्या निवडीपेक्षा या कागदाचा उपयोग जास्त होतो. तरी दोघांत डावं-उजवं करायचंच झालं, तर हलकी, वेगवान, उमलणारी ५.५६ भिंतींमध्ये लवकर ढेपाळते. त्या कसोटीवर ती सरस.

जेलची चाचणी, म्हणजे शरीराच्या जागी जिलेटिनचा ठोकळा ठेवून गोळी किती खोल जाते ते बघणं, पुढच्या खेपेला आहे, तयारी सुरू झाली. २५०-ए प्रतीचं जिलेटिन, वजनाने १० टक्के. ६ बाय ६ बाय १६ इंचांच्या ठोकळ्याला साधारण ९५० ग्रॅम पूड आणि साडेआठ लिटर पाणी. पूड आधी थंड पाण्यात भिजवायची, मग सावकाश कोमट करायची. ४० अंश सेल्सिअसच्या वर नेलं तर जिलेटिनची ताकद जाते आणि गोळी खोटी खोल शिरते. हलवताना फेस आला तर चमच्याने काढायचा, बुडबुडे राहिले तर जखमेचा मार्ग नीट दिसत नाही. मग ४ अंशांवर दीड-दोन दिवस. गोळी झाडण्याआधी ठोकळा तपासायचा: ०.१७७ इंची पोलादी छर्रा सेकंदाला ५९० फुटांनी मारला की तो साडेआठ सेंटिमीटर शिरायला हवा, एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. छर्रा खोल गेला तर ठोकळा मऊ आहे, तो बाद. एफबीआयची १२ ते १८ इंच खोलीची अपेक्षा याच जेलवरची आहे. पारदर्शक कृत्रिम जेल सोयीचं असतं, दिसतंही छान, पण त्यातले आकडे या मापात बसत नाहीत, म्हणून ते घेतलं नाही.

झिरो. एआरवर साइट नळीच्या मध्यापासून सुमारे २.६ इंच वर असते. ५० यार्डांवर झिरो केलं तर ७ यार्डांवर गोळी निशाण्याच्या सव्वादोन इंच खाली लागते, २५ यार्डांच्या झिरोवर पावणेदोन-दोन इंच. घरातलं प्रत्येक अंतर याच टप्प्यातलं. कोपऱ्याच्या आडून नेम धरला की काचेत निशाणा मोकळा दिसतो आणि गोळी चौकटीत शिरते. ३०० मध्ये आणखी एक गाठ आहे. ११० ग्रेनवर झिरो करून २२० ग्रेन झाडली, तर ५० यार्डांवर ती साडेतीन इंच खाली आणि १०० यार्डांवर १३-१४ इंच खाली. खोलीत हा फरक नगण्य, पण घरासाठी एकच दारूगोळा ठरवावा आणि झिरो त्याच्यावरच करावा.

मॅगझिन: ५.५६ च्या प्लास्टिक मॅगझिनच्या आतल्या कडा ०.३०८ इंची जाड गोळीला घासतात. १० काडतुसांपर्यंत काही वाटत नाही, पुढे रांग वाकडी होते आणि वरचं काडतूस नाक खाली करून अडकतं. ३०० साठी बनवलेली मॅगझिन वेगळी मिळतात, तीच घ्यावीत.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. एकाच घरात ही दोन काडतुसं ठेवली की धोका घरात आला. ३०० चं काडतूस ५.५६ च्या मॅगझिनमध्ये बसतं, बोल्ट ते उचलतो, चेंबरमध्ये ढकलतो. केस १० मिमीने आखूड, त्यामुळे ते चेंबरच्या खांद्यावर टेकत नाही, गोळी चेंबरच्या पुढच्या अरुंद भागाशी जाऊन अडते. बहुतेकदा बोल्ट पूर्ण मिटत नाही. पण गोळी आखूड असेल, केसमध्ये सैल असेल किंवा कुणी फॉरवर्ड असिस्टवर (बोल्ट पुढे ढकलायच्या बटणावर) जोर दिला, तर ती केसमध्ये मागे सरकते आणि बोल्ट मिटतो. मग चाप ओढला की ०.३०८ ची गोळी ०.२२४ च्या नळीत शिरू बघते. रिसीव्हर (रायफलीचा मधला सांगाडा) फुटतो, मॅगझिन खालून उडतं, हात आणि डोळे जातात. म्हणून: दोन्हींची मॅगझिन वेगळ्या रंगाची, ३०० च्या प्रत्येक मॅगझिनला रबरी पट्टी, जी अंधारात बोटांना कळेल. इजेक्शन पोर्टच्या (रिकामं केस बाहेर पडायच्या खिडकीच्या) झाकणावर काडतुसाचं नाव. रेंजवर एका दिवशी एकच काडतूस, दुसरं गाडीतसुद्धा नाही. मॅगझिन भरताना वरचं काडतूस हातात घेऊन त्याची मान बघायची: ५.५६ ची मान बारीक आणि केस लांब, ३०० ची मान जाड आणि केस आखूड. बोल्ट मिटत नसेल तर फॉरवर्ड असिस्टला हात लावायचा नाही, मॅगझिन काढून चेंबर मोकळं करायचं.

मग ३०० घ्यावं कुणी? त्याचा सगळा डाव सायलेन्सर आणि आखूड नळीवर आहे. सबसॉनिक गोळी ध्वनीच्या वेगाखाली राहते, त्यामुळे तडाखा उठत नाही आणि सायलेन्सर लावला की कान शाबूत राहतात. उघड्या ५.५६ चा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, कानाच्या इजेची हद्द १४० धरतात. पण सबसॉनिकची ऊर्जा ५०० फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे जबर पिस्तुलाएवढीच, आणि साधी २२० ग्रेन उमलत नाही. घ्यायचीच तर कमी वेगाला उमलणारी १९० ग्रेनची. सायलेन्सर लावण्याआधी नळीत सरळ गज घालून मध्य जुळतोय का ते बघावं, नाहीतर गोळी आतल्या पडद्यांना घासते. १६ इंचांपेक्षा आखूड नळी १९३४ च्या एनएफए या संघीय बंदूक-नोंदणी कायद्यात येते. १ जानेवारी २०२६ पासून तिचा आणि सायलेन्सरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, अर्ज आणि नोंदणी मात्र तशीच.

आता नकाशा बघा. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय, जिथे आपली जुनी आणि मोठी मंडळं आहेत, तिथे सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगता येत नाही आणि एआर जातीच्या रायफलींवरही कडक निर्बंध आहेत. तिथे ३०० चा हुकमाचा पत्ताच जातो. उरतं एक महाग काडतूस, ज्याचा सराव कमी होतो. तिथे कायद्यात बसणारी रायफल मिळत असेल तर १६ इंची ५.५६ आणि उमलणारी गोळी. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा, शार्लटमध्ये सायलेन्सर मिळतो. घरात लहान मुलं झोपलेली असतील आणि आखूड नळीची कागदपत्रं करायची तयारी असेल, तर तिथे ३०० ला अर्थ आहे, ११० ग्रेनसकट.

पुढची नोंद जेलची: ५.५६ ची ७७ ग्रेन, ३०० ची ११० आणि १९० ग्रेन, प्रत्येकी ५ गोळ्या, आधी मोकळ्या ठोकळ्यावर, मग एका भिंतीमागून. ३०० ची पाळी वेगळ्या दिवशी.