डिक्कीतली बॅटरी आणि 'पंचवीसची' वायर

मे महिन्यातली दुपार, वाडीहून फोन. "भाऊ, सकाळी एका झटक्यात लागली. आता ढाब्यावरून निघतो म्हटलं तर सेल्फ नुसता कण्हून राहिला." गाडी ओळखीची. जुनी एस्टीम, मालक बँकेतले, हौशी. मोठ्या एअर फिल्टरला बॉनेटखाली जागा हवी म्हणून हिवाळ्यात त्यांनी बॅटरी डिक्कीत नेली होती. माझ्याकडून नाही, एका म्युझिक सिस्टिमवाल्याकडून.

तोवर दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) एकदा खोलून झाला होता. उन्हाळ्यात गाडी लागली नाही की गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवी बॅटरी मारायची, हा आमच्या नागपुरातला रिवाजच. मीटर लावायला कोणाच्या बापाचं काय जातं, कळत नाही.

मी मीटर लावलं, पोराला सेल्फ मारायला सांगितलं. बॅटरीच्या टोकांवर १०.८ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. सेल्फवर मात्र ८.६. मग एक टोक बॅटरीच्या प्लसवर धरलं, दुसरं सेल्फच्या मोठ्या नटावर: १.४ व्होल्ट एकट्या वायरीत जात होते. उरलेले ०.८ अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतायच्या वाटेत. अर्थिंग कुठे दिलेलं, तर सीटबेल्टच्या बोल्टवर, खालचा रंगसुद्धा न खरवडता.

वायर बाहेरून अंगठ्याएवढी जाड, वर ऐटीत '२५' छापलेलं, म्हणजे आत पंचवीस चौरस मिलिमीटर तार. पात्याने तार खरवडली तर तांब्याचा नुसता मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट तरी असतो. आणि जाडी सगळी प्लास्टिकची. तारा पिळून एकत्र केल्या तर सोळाच्या वर भरेनात. सकाळी कशीबशी निभायची. इंजिन तापलं की सेल्फची वाइंडिंगही तापते, वायरही, मग संपलं.

इथे माझा घास अडकला. "पंचवीसची चालेल" हे मीच म्हणालो होतो. डिसेंबरात त्यांनी फोन केला तेव्हा मी एका व्हॅनखाली आडवा होतो. 'तांब्याची' म्हणालो नाही, माझ्या डोक्यात पंचवीस म्हणजे तांबंच. पण खरं सांगायचं तर तांब्याची पंचवीससुद्धा कमीच होती. बॉनेटखालच्या दीड हाताच्या वायरीचा अंदाज मी पाच मीटरला ठोकून दिला होता. सेल्फ ओढतो त्या १६० अँपिअरला तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर जातो, आणि आम्ही अर्धा व्होल्ट ही हद्द मानतो. पस्तीस कामचलाऊ होती. मी पन्नास घेतली.

इतवारीत गेलो. दुकानदार म्हणाला, "साईज तीच लिहिली आहे ना दादा, काहून जास्तीचे पैसे घालवून राहिले?" मी वेल्डिंगची केबल मागितली. केसासारख्या बारीक तारा, रबराचं आवरण, कोपऱ्यावरून दोरीसारखी वळते. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे कान, छिन्नी-हातोड्याने चेपायचे नाहीत, यावर मी अडून बसतो. हायड्रॉलिक प्रेस उसना आणला, आधी एक फालतू थिंबल दाबून हॅक्सॉने मधून कापला. आत तारा दिसायला नकोत, पितळेच्या दांड्यासारखा सलग ठोकळा दिसायला हवा. प्रेसचा तिसरा साचा लावला तेव्हा तसा दिसला. पोराला दाखवला, तो मोबाईलमध्ये होता.

अर्थिंगसाठी डिक्कीत रंग घासून चकचकीत पत्रा काढला, आणि इंजिनपासून बॉडीला नवी जाड पट्टी दिली. ही पट्टी सगळे विसरतात. बॅटरी मागे गेली की परतीचा सगळा करंट तिच्यातूनच जातो. बॅटरी सीलबंद घेतली, तिची वाफेची नळी फरशीतून बाहेर काढली.

जुनी वायर ओढून काढताना मागच्या सीटचं बिजागर लागलं. तिथे आवरण घासून खाच पडली होती, आत तार दिसत होती. बॅटरीपाशी फ्यूज नव्हता. म्हणजे पत्र्याला टेकली असती तर ती थांबवायला वाटेत काहीच नव्हतं. त्या सीटवर त्यांच्या दोन मुली बसतात. फ्यूजबद्दलही मी फोनवर चकार शब्द काढला नव्हता. आता बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३०० अँपिअरचा बसवलाय, बिजागरापाशी रबरी नळी चढवलीय.

तापलेल्या गाडीत सेल्फ मारला, वायरीत फक्त ०.३. गाडी पहिल्या फेऱ्यात लागली. साहेब खूश. मी मजुरी निम्मी सांगितली. का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.