आयर्लंडमध्ये जुनी व्हिसल घेताना

टिन व्हिसल म्हणजे आपल्या अलगुजाचं आयरिश भावंड. तोंडाशी ठोकळा, त्यावरून हवेची अरुंद वाट, पुढे पातळ धार आणि खाली सहा भोकं. जनरेशन किंवा क्लार्क या कंपन्यांची नवी व्हिसल १०–१५ युरोंत मिळते. तसली जुनी कधी घेऊ नये, टपालखर्चातच तिची किंमत निघून जाते. इथला जुना बाजार खरा भरतो तो हातानं घडवलेल्या व्हिसलचा.

या बाजारात भाव ठरतो तो कारागिराकडच्या प्रतीक्षायादीवर. नाव नोंदवून महिनोन्महिने थांबावं लागत असेल, तर चार वर्षं वाजवलेली व्हिसलही नव्याच्याच भावात जाते, कधी त्याच्याही वर. पितळ काळवंडलं, नळीवर ओरखडे आले, म्हणून भाव पाडून मागण्यात अर्थ नाही, कारण त्यानं सुरात काही फरक पडत नाही. नाव मात्र नीट तपासावं. ॲल्युमिनियमच्या लो व्हिसलवर (म्हणजे लांब, खर्जाच्या व्हिसलवर) ‘ओव्हरटन’ असेल, तर ती बर्नार्ड ओव्हरटन यांच्या हातची की नंतर त्याच नावानं कॉलिन गोल्डी यांनी केलेली, हे विचारून कोरलेल्या अक्षरांचा जवळून फोटो मागवावा.

सगळा जीव धारेत आणि हवेच्या वाटेत असतो. धारेला बारीकशी खाच पडली, की वरच्या सप्तकात सूर फाटतो आणि सगळ्यात खालचा सूर घोगरा होतो. अशी व्हिसल दुरुस्त होईल या आशेवर घेऊ नये. बहुतेक वेळा हे नुकसान हवेच्या वाटेत काडी किंवा चाकूचं टोक घालून ‘साफ’ करणाऱ्यानंच केलेलं असतं. नुसती वाफ साचून आवाज बसत असेल, तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून वाटेतून सोडावा आणि तसाच वाळू द्यावा. लाकडी व्हिसलला जोडाजवळ तडा आहे का, हे उजेडाकडे धरून बघावं. फार जुन्या व्हिसलचा ठोकळा शिशाचा असू शकतो, ती ओठाला लावू नये.

विकणाऱ्याकडून दोन्ही सप्तकं सावकाश वाजवलेला, समोर ट्यूनर दिसणारा व्हिडिओ मागवावा. व्हिसल थंड असताना सूर उतरलेला लागतो, म्हणून आधी दोन मिनिटं फुंकून तापवायला सांगावं. जुलैत मिलटाउन मॅल्बे या गावी पारंपरिक संगीताचा विली क्लॅन्सी सप्ताह असतो, ऑगस्टमध्ये फ्ला हा आयरिश संगीताचा मोठा महोत्सव. तिथे प्रत्यक्ष वाजवून बघून व्यवहार करता आला, तर सगळ्यात उत्तम.

ब्रिटनमधून मागवताना हिशोब आधी करावा. ब्रेक्झिटनंतर जुन्या वस्तूवरही २३ टक्के व्हॅट लागतो, तोही किंमत अधिक टपाल अशा बेरजेवर. आफ्रिकन ब्लॅकवुड आपल्या शिसवीच्याच कुळातलं लाकूड. २०१७ पासून त्याच्या वाद्यांना साइट्सचे (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद लागत, नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे.

घरी बासरी वाजवणाऱ्या कुणासाठी घेत असाल, तर ‘डी’ची, म्हणजे सगळी भोकं बंद केल्यावर पाश्चात्त्य ‘डी’ सूर देणारी, घ्यावी. वरची तीन भोकं बंद करून सा धरला, की तो हार्मोनियमवरची पांढरी पाच येतो, सगळी बंद केल्यावर खालचा पंचम, आणि सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम. लो ‘डी’ची भोकं लांब लांब असतात. बोटं पेरांवर आडवी ठेवून मोठी बासरी धरणाऱ्याला ती पकड नव्यानं शिकावी लागत नाही.