मोळी

शनिवारी रात्री पावणेनऊला लॅबच्या टेक्निशियनचा फोन आला. "म्याडम, डेंगू म्हणून नमुना आलाय, प्लेटलेट १४ हजार. मशीननं तारा टाकलाय म्हणून स्लाइड केली. तुम्ही एकदा बघून जावा की." तारा म्हणजे मशीनचा इशारा: हा आकडा डोळ्यांनी तपासा.

सप्टेंबरात सोलापुरात प्लेटलेट उतरले म्हणजे डेंगू, हे आता रिक्षावाल्यालाही पाठ आहे. पण हा माणूस उगाच बोलावत नाही. मी गेले.

तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली काच सरकवली. पांढऱ्या पेशी मोजक्याच, पण जांभळट दाण्यांनी इतक्या खच्चून भरलेल्या की केंद्रकाची कड सापडेना. पातळ होत गेलेल्या टोकाकडे एका पेशीत बारीक काड्यांचा जुडगा दिसला. सरपणाची मोळी बांधावी तसा. पाठोपाठ दुसऱ्या पेशीत. प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया! वेळेत औषध मिळालं तर पूर्ण बरा होणारा रक्ताचा कर्करोग, आणि नाही मिळालं तर काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव करून माणूस नेणारा.

पेशंट पूर्व भागातली, २६ वर्षांची, घरी विड्या वळणारी. नवरा यंत्रमागावर. पाच दिवस ताप, हिरड्यांतून रक्त, पाळी थांबेना. सुई टोचलेल्या जागेवरचा बोळा तिसऱ्यांदा भिजला होता. "सगळे डेंगूच म्हणले की ओ," सासू म्हणाली आणि पिशवीतून जुने रिपोर्ट काढले. हिमोग्लोबिन पाच दिवसांत ९.८ वरून ७.४ वर. डेंगू बळावतो तेव्हा रक्तातलं पाणी झिरपून रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतो. इथे सगळंच उतरत होतं. ते कागद कुणी शेजारी शेजारी ठेवून वाचलेच नाहीत, जो तो प्लेटलेटचा आकडा वाचून सलाईन लावत गेला. याचा मला अजून राग येतो.

१५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल दाखवणारी तपासणी बाहेरगावी होते आणि दुसऱ्या दिवशी रविवार. या आजारात त्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं एक औषध आहे, ट्रेटिनॉइन. शांघायच्या डॉक्टरांनी त्याचे निकाल १९८८ साली छापले. ते पेशी मारत नाही, वाढ खुंटलेल्या पेशीला वयात आणतं. जोडीला आर्सेनिक, आपला सोमल. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९९८ पासून नव्या पेशंटना नुसतं आर्सेनिक देऊन २००६ साली त्याचे निकाल मांडले, तेव्हा आमच्यासारख्या गावांतल्या डॉक्टरांना केवढा धीर आला होता!

सुट्टीच्या दिवशी हे औषध कुठे मिळत नाही, म्हणून ट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल मी माझ्या कपाटात ठेवते. साडेदहाला तिनं पहिल्या चार दुधासोबत गिळल्या. रात्रभर क्रायोच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या, पिशव्या ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून चढवल्या, मागून प्लेटलेट. नवरा रात्रपाळीचे माग बंद करून चार जणांना रक्त द्यायला घेऊन आला. आठव्या दिवशी धाप लागली, वजन तीन किलोनं वाढलं. पेशी वयात येताना हे होतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, उतरलं. गेल्या आठवड्यात तिचा आर्सेनिकचा शेवटचा डोस झाला.

त्याच महिन्यात आणखी एक मुलगी आली होती. तापाचा सहावा दिवस, बेशुद्ध, एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली, म्हणजे मेंदूत रक्तस्राव. कपाट उघडायलाही वेळ मिळाला नाही. स्लाइड मी नंतर पाहिली. तशाच मोळ्या.

दोघींचे पहिले रिपोर्ट मी एकाच फाइलमध्ये ठेवलेत. पहिल्या मुलीच्या रिपोर्टखाली सही पॅथॉलॉजिस्टची आहे, टेक्निशियनचं नाव कुठेच नाही. दुसऱ्या मुलीच्या पहिल्या रिपोर्टवर, पांढऱ्या पेशींच्या आकड्याशेजारी, मशीननं टाकलेला तारा आहे. वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटं. ती माझ्याकडे येण्याच्या चार दिवस आधीची.